फेकणाऱ्या हाताचा हिशेब

जपानमधील कोशिएनच्या मैदानावर १९९८ साली दाइसुके मात्सुझाका या शाळकरी पिचरने सतरा इनिंग्जच्या एका बेसबॉल सामन्यात २५० चेंडू टाकले, तेव्हा त्याच्या जिद्दीचे देशभर कौतुक झाले. २०१३ साली तोमोहिरो आनराकू या सोळा वर्षांच्या मुलाने एकाच स्पर्धेत ७७२ चेंडू टाकले, तेव्हा मात्र कौतुकात चिंतेचा सूरही मिसळला. अखेर २०२० मध्ये तेथील शालेय महासंघाने स्पर्धेतील पिचरवर आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली. अमेरिकेत २०१४ च्या मार्गदर्शक नियमांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी दिवसाला ८५ चेंडू ही कमाल संख्या ठरविली. ६६ किंवा अधिक चेंडू टाकल्यास चार दिवसांची विश्रांतीही सांगितली.

या मर्यादांमागील तत्त्व साधे आहे. प्रत्येक फेकीगणिक कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर ताण पडतो. पुरेशी विश्रांती मिळाली तर शरीर ती झीज भरून काढते. न मिळाल्यास झीज साठत जाते. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या खेळाडूचा असा निकामी झालेला अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बांधला आणि तो १९८९ पर्यंत खेळत राहिला. परंतु या यशातूनच हात म्हणजे बदलता येणारा यंत्राचा भाग होय, असा घातक भ्रम बळावला.

वस्तुतः प्रश्न हिशेबाचा आहे. विजय प्रशिक्षकाला आज हवा असतो; त्याची किंमत मात्र मुलाला उद्या मोजावी लागते. लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, अशी स्थिती असते तेथे केवळ सद्सद्विवेकावर विसंबून चालत नाही. मुलाला विश्रांती देणारा प्रशिक्षक एकटा पडला तर तो हरतो. नियम सर्वांना सारखाच बांधील असेल तरच त्याला शहाणपण परवडते.

तथापि सामन्यातील चेंडू मोजले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे चूक ठरेल. सरावातील फेकी त्या आकड्यात येत नाहीत. दोन संघांतून खेळणाऱ्या मुलाचा हिशेब प्रत्येक संघ निरनिराळा ठेवतो, आणि बेरीज कोणीच करीत नाही. शिवाय प्रत्येक चेंडू सर्व शक्तीनिशी टाकण्याचा अट्टाहास दुखापतींना कारणीभूत ठरतो, हे अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या २०२४ च्या अहवालानेही दाखविले आहे.

म्हणून हिशेबाची वही संघाची नव्हे, तर मुलाची असली पाहिजे. तो जाईल तेथे ती त्याच्याबरोबर गेली पाहिजे. चषक शाळेच्या कपाटात राहतो. हात मात्र त्या मुलाला जन्मभर वापरावयाचा असतो.