मिठाला ‘सेंद्रिय’ शिक्का कशाला?

आमच्या भाईंदरच्या मिठागरात खाडीचं पाणी अडवतात, उन्हावर आटवतात, की झालं मीठ. ना बियाणं, ना खत, ना फवारणी. मग सेंद्रिय कसलं? आपल्याला हंगामी पिकाला पेरणीआधी २ वर्षं, फळबागेला तोडणीआधी ३ वर्षं रसायनं बंद ठेवावी लागतात, तेव्हा कुठे शिक्का मिळतो. युरोपने २०१८ च्या कायद्यात समुद्री मीठ घेतलं, म्हणून आपणही घ्यायचं? आपल्याकडे तयार मालातला सेंद्रिय भाग मोजताना मीठ-पाणी धरत नाहीत, तेच बरोबर. मीठवाल्यांना भाव मिळावा, जरूर. त्यासाठी वेगळी खूण द्या: आगर कुठलं आणि खाडीचं पाणी तपासलं का. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, ते शिक्का मारून स्वच्छ होत नाही. पटतंय का?