पॅनलवरचा आकडा

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये मागे गिअरचे दात ठिसूळ निघू लागले होते. पोलाद तपासून झाले, ऑइल बदलून झाले, शिफ्टच्या पोरांना बोलणीही बसली. भट्टी मात्र कुणी तपासली नाही, कारण पॅनलवर 850 अंश स्थिर दिसत होते. अखेर एका जुन्या फिटरने थर्मोकपलच्या डब्याचे झाकण उघडले. तिथून पॅनलकडे जाणारी कॉम्पेन्सेटिंग केबल कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी हाताशी होती ती साधी तांब्याची वायर जोडून भट्टी चालू केली होती.

वायरीने एवढे काय बिघडते? थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड. तापलेले टोक आणि थंड टोक यांच्या तापमानातल्या फरकातून त्यात किंचित विद्युतदाब तयार होतो. सीबेक या शास्त्रज्ञाने 1821 मध्ये दाखवलेला गुणधर्म तो हाच. ‘के’ प्रकारात अंशामागे जेमतेम 41 मायक्रोव्होल्ट मिळतात. थंड टोक आपल्यापाशीच आहे असे धरून कंट्रोलर त्यात पॅनलजवळचे तापमान मिळवतो. कॉम्पेन्सेटिंग केबल ते थंड टोक पॅनलपर्यंत नेते. तांब्याची वायर जोडली की ते डब्यातच राहते. डबा 65 अंशांवर आणि पॅनल 35 अंशांवर असेल, तर मधले 30 अंश हिशेबातून गळतात. पॅनल 850 दाखवतो, भट्टी 880 ला पोचलेली असते. पोलादाचे कण जाड होतात आणि दात ठिसूळ निघतात.

दुधाच्या प्रकल्पात हीच चूक उलट्या बाजूने होते. तिथे बहुधा पीटी-हंड्रेड हा सेन्सर असतो: शून्य अंशाला 100 ओहम रोध, पुढे अंशामागे सुमारे 0.385 ओहम वाढ. म्हणूनच त्याला तीन वायरी लागतात, म्हणजे लांब वायरीचा रोध मोजणीतून वजा करता येतो. दोनच वायरींवर भागवले आणि रोध एक ओहमने वाढला, तर आकडा अडीच अंशांहून जास्त फुगतो. पाश्चरायझेशनला 72 अंश आणि 15 सेकंद लागतात. पॅनलवर 72 दिसत असताना दूध साडेएकोणसत्तरच्याही खाली असू शकते, आणि ते दूध पोरांच्या पेल्यात जाते.

तार तुटली तर अलार्म वाजतो. तार चुकीचे सांगू लागली तर काहीच वाजत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा सेन्सर काढून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि सर्टिफिकेट फाइलला लावायचे, एवढ्याने भागत नाही. ते सर्टिफिकेट सेन्सरपुरते असते. केबल, जोड आणि कंट्रोलर कारखान्यातच राहिलेले असतात. तपासणी जागेवर आणि सगळ्या साखळीची व्हायला हवी. भट्टीत शेजारी प्रमाणित थर्मोकपल घालून दोन्ही आकडे ताडून पाहा. थर्मासमध्ये स्वच्छ पाण्याचा कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी घेऊन पीटी-हंड्रेड बुडवा. पॅनलवर शून्य यायला हवे. त्याला ना मोठा खर्च लागतो, ना अर्ध्या तासाहून जास्त वेळ. केबलला हात लागला की ही तपासणी पुन्हा झालीच पाहिजे, आणि तसा नियम मालकाने स्वतः घालून द्यायला हवा.

आणखी एक. तो फिटर पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, “भट्टी नेहमीपेक्षा उजळ दिसतेय.” पॅनल बघ, असे सांगून त्याला गप्प केले गेले. तीस वर्षे भट्टीचा रंग पाहिलेल्या माणसाचा संशय शिफ्टच्या वहीत लिहिला गेला असता आणि त्याच दिवशी ते झाकण उघडले असते, तर पुढचे सगळे गिअर वाचले असते.