लेसरने चष्मा काढताय? आधी 'कस्टमाइज्ड' हा शब्द समजून घ्या



बंगळुरूच्या कोरमंगलात नोकरीसाठी आलेली मराठी मुलंमुली कमी नाहीत. कुणी पुण्याची, कुणी नागपूरची, कुणी बेळगावची. पीजीत राहायचं, दिवसभर एसीत बसून स्क्रीन बघायची आणि रात्री पुन्हा फोन. समजा, त्यातलीच एक तुमची मुलगी आहे. वय २६, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ५, शिवाय थोडा सिलिंडर. घरी लग्नाचं बघणं सुरू झालंय आणि आत्याबाईंनी फर्मान काढलंय, "आधी तिचा तो चष्मा घालवा." शनिवारी ती तपासणी करून येते आणि रात्री फोनवर सांगते, "आई, साधं लेसिक स्वस्त आहे, पण त्या म्हणाल्या कस्टमाइज्डच घ्या. आज पैसे भरले तर सवलत आहे."

आता तुम्ही काय सांगाल? आजचा लेख या फोनसाठी आहे.

आधी लेसर काय करतं ते पाहू. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. लेसरने तिचा आकार किंचित बदलतात, म्हणजे प्रकाश बरोबर पडद्यावर एकत्र येतो. या लेसरमागे आपल्याकडचा एक माणूस आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये 'थँक्सगिव्हिंग'च्या जेवणातला उरलेला टर्की त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसर सोडलं. आजूबाजूचं मांस न भाजता अगदी स्वच्छ खाच पडली. उष्णतेने जाळायचं नाही, तर रेणूंचे बंध तोडून पातळ थर उडवायचा, ही ती युक्ती. दोन वर्षांत स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर तीच युक्ती कॉर्नियावर तपासली गेली. आज जगभर लेसिक होतं ते याच पायावर.

मग 'कस्टमाइज्ड' कुठून आलं? त्याचं उत्तर, गंमत म्हणजे, ताऱ्यांकडे आहे. कोरमंगलाच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय ताराभौतिकी संस्था आहे. कावलूरची वेणू बाप्पू वेधशाळा आणि लडाखमधल्या हानलेची दुर्बीण तिच्याच. खगोलशास्त्रज्ञांची जुनी डोकेदुखी अशी, की ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेमुळे आणि भिंगातल्या दोषांमुळे वेडावाकडा होतो. तो नेमका किती आणि कुठे बिघडला, हे मोजायला योहानेस हार्टमन या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास दुर्बिणीपुढे भोकं पाडलेला पत्रा धरला. पुढे रोलँड शॅक यांनी भोकांच्या जागी चिमुकली भिंगं बसवली. आणि १९९४ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी हेच यंत्र माणसाच्या डोळ्याकडे वळवलं.

डोळ्यात एक मंद किरण सोडायचा. तो पडद्यावरून परतून बाहेर येताना त्या चिमुकल्या भिंगांतून जातो आणि ठिपक्यांची जाळी उमटते. डोळा निर्दोष असेल तर ठिपके ओळीत. कुठे ठिपका सरकला, तर तिथे डोळ्यात दोष. या नकाशाला 'वेव्हफ्रंट' म्हणतात. चष्मा फक्त दोन गोष्टी दुरुस्त करतो, साधा नंबर आणि सिलिंडर. पण प्रत्येक डोळ्यात त्यापलीकडे बारीकसारीक वाकडेपण असतं. रात्री दिव्याला शेपूट दिसणं, कडेला प्रकाश पसरणं, हे त्याचेच प्रकार. तो नकाशा लेसरला देऊन त्याप्रमाणे थर काढायचा, हे झालं खरं कस्टमाइज्ड लेसिक. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली.

आता मुद्द्याचं. दवाखान्यात 'कस्टमाइज्ड' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलेला तुम्हाला आढळेल. 'वेव्हफ्रंट-गाइडेड' म्हणजे वर सांगितलेलं, तुमच्या संपूर्ण डोळ्याच्या नकाशावरून. 'टोपोग्राफी-गाइडेड' म्हणजे फक्त कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या नकाशावरून. कॉर्निया ओबडधोबड असेल तर हे जास्त कामाचं. आणि 'वेव्हफ्रंट-ऑप्टिमाइज्ड' म्हणजे कॉर्नियाची नैसर्गिक गोलाई टिकावी म्हणून लेसरची आखणीच सुधारलेली, पण ती खास तुमच्या डोळ्याच्या नकाशावरून केलेली नसते. ही तिसरी पद्धत वाईट मुळीच नाही. पण तिला 'तुमच्यासाठी शिवलेला सदरा' म्हणून जादा पैसे घ्यायचे असतील, तर विचारायला हवं.

म्हणून मुलीला पहिला प्रश्न हा विचारायला सांगा: "माझ्या डोळ्याचा कोणता नकाशा वापरणार, आणि त्यात काय दिसलं?" उत्तर तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यायचं, बुकिंग घेणाऱ्या बाईंकडून नाही. जाता जाता आणखी एक घोळ: 'ब्लेडलेस' म्हणजे कस्टमाइज्ड नव्हे. पापुद्रा ब्लेडऐवजी लेसरने उचलला, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'स्माइल' ही पद्धत तर वेगळीच. त्यात पापुद्रा न उचलता आतली चकती बारीक छेदातून काढतात, आणि नेहमीची स्माइल वेव्हफ्रंटच्या नकाशावरून होत नाही.

जादा पैसे द्यावेत का? माझं मत स्पष्ट सांगतो. डोळ्यातले हे बारीक दोष मुळातच कमी असतील, तर तक्त्यावरची अक्षरं वाचण्यात साध्या आणि कस्टमाइज्ड लेसिकमध्ये फारसा फरक पडत नाही. दोष जास्त असतील, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेने कॉर्निया वाकडातिकडा झाला असेल, तर फरक पडतो. तेव्हा आधी नकाशा, मग निर्णय. सवलतीची मुदत हे निर्णयाचं कारण नाही. डोळा पुढच्या महिन्यातही तोच असणार आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, पण तो कुणी विचारत नाही: "काम झाल्यावर माझ्या कॉर्नियाची किती जाडी उरेल?" हिशेब घरी कागदावर करता येतो. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा, कॉर्नियाची जाडी ५२० मायक्रॉन आहे. वर उचलायचा पापुद्रा साधारण ११०. मग १ नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन थर जातो. उणे ५ साठी ७०, म्हणजे साधारण एका केसाएवढा. ५२० मधून ११० आणि ७० वजा करा, उरले ३४०. चांगलं. आता दुसरी मुलगी घ्या. जाडी ४९०, नंबर उणे ८. थर ११२ जाणार, उरले २६८. किमान २५० उरायला हवेत अशी जुनी मर्यादा, पण पुष्कळ डॉक्टर ३०० धरतात. शिवाय कस्टमाइज्ड पद्धतीत थर थोडा जास्तही जाऊ शकतो. म्हणजे या दुसऱ्या मुलीला 'महागडं म्हणून सुरक्षित' हे गणित उलटं पडतं. तिच्यासाठी डोळ्याच्या आत बसवायची भिंग किंवा सरळ चष्मा हे पर्याय आहेत. डॉक्टर "तुम्हाला लेसर नको" म्हणाले, तर रागावू नका आणि 'हो' म्हणणारा शोधत दुसरीकडे फिरू नका. दुसरं मत जरूर घ्या, पण जुने रिपोर्ट बरोबर नेऊन.

पातळ आणि कमकुवत कॉर्नियाची भीती एवढ्यासाठी, की तो पुढे शंकूसारखा फुगू शकतो. केराटोकोनस हा आजार आपल्याकडे तरुण मुलांत दिसतो, आणि डोळे जोरजोरात चोळायची सवय त्याला खतपाणी घालते. सुरुवातीला तो फक्त 'सिलिंडर वाढतोय' असाच वाटतो. अशा डोळ्यावर लेसिक केलं तर नजर कायमची बिघडू शकते. म्हणून कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंचा नकाशा काढल्याशिवाय तारीख घेऊ नये. घरात कुणाला हा आजार असेल, लहानपणापासून ॲलर्जीने डोळे चोळायची सवय असेल, तर ते स्वतःहून सांगायचं.

तपासणीला जातानाही एक चूक हमखास होते. शुक्रवारपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स लावून शनिवारी मोजमाप! लेन्स कॉर्नियाचा आकार बदलते, आणि मग कस्टमाइज्ड नकाशा डोळ्याचा न येता लेन्सने दाबलेल्या डोळ्याचा येतो. मऊ लेन्स असेल तर १ ते २ आठवडे आधी, कडक असेल तर ३ ते ४ आठवडे आधी बंद करायची. तिथे कुणी हे विचारलंच नाही, तर आपण सांगायचं आणि तारीख पुढे ढकलायची. सिलिंडर असणाऱ्यांनी हेही विचारावं: आडवं झोपल्यावर डोळा थोडा फिरतो, तो फिरलेला कोन यंत्र कसं धरणार? बुबुळाच्या खुणा जुळवून, की बसल्या अवस्थेत शाईची खूण करून? दोन्ही चालतं, काहीतरी करत असले म्हणजे झालं.

वय १८ च्या वर हवं आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, तेव्हा नको. संधिवातासारखा आजार, अनियंत्रित मधुमेह किंवा डोळ्यांचा मुळातच कोरडेपणा असेल तर लपवू नका. सैन्य, रेल्वे, वैमानिक अशा नोकरीची तयारी चालू असेल, तर आधी त्या भरतीची वैद्यकीय अट वाचा. काही पदांना लेसर केलेला डोळा चालत नाही.

आता लग्नाचं. मुहूर्ताच्या आठवडाभर आधी लेसर करून घेऊ, हा बेत रद्द करा. काजळ आणि मेकअप काही आठवडे चालत नाही, हळद-अक्षता आणि होमाचा धूर तर मुळीच नाही. दोन-तीन महिने हाताशी ठेवा. कारण पापुद्रा उचलताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि डोळा कोरडा पडतो. बहुतेकांचा तो ३ ते ६ महिन्यांत कमी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या 'प्राऊल' अभ्यासात ज्यांना आधी कोरडेपणा नव्हता, अशांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना ३ महिन्यांनी तो जाणवत होता. दिव्याभोवती कडी, चकाकी, दुहेरी दिसणं यांतलं एखादं नवं लक्षण तर आधी काहीच नसलेल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी सांगितलं. घाबरून जाऊ नका. त्यामुळे रोजची कामं खूप अवघड झाली असं सांगणारे १ टक्क्याहूनही कमी होते, आणि बहुसंख्य लोक समाधानी होते. पण सोनी वर्ल्ड सिग्नलवर रात्री स्कूटर थांबवल्यावर समोरचे दिवे फुललेले दिसले, तर 'माझंच काहीतरी बिघडलं' असं तिला वाटू नये, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं. सुरुवातीचे काही दिवस रात्रीची गाडी नकोच. आणि एसीचा झोत तोंडावर येणारी खुर्ची बदलून घ्यायला ऑफिसात सांगायला लाजू नये.

शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या थेंबांत स्टिरॉइड असतं. ठरलेल्या दिवसांपुरतंच घालायचं. "बरं वाटतंय" म्हणून औषधाच्या दुकानातून आणखी बाटली आणू नये, त्याने डोळ्यातला दाब वाढतो. तीव्र दुखणं, लाली, अचानक अंधूक दिसणं, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

आणि काही गोष्टी लेसर बदलत नाही. मोठ्या उणे नंबराचा डोळा लांबट असतो, तो लांबटच राहतो. पडदा फाटण्याचा धोकाही तसाच राहतो. चष्मा गेला तरी पडद्याची तपासणी चालू ठेवायची, आणि डोळ्यापुढे अचानक ठिपके, विजेसारख्या रेषा किंवा पडदा आल्यासारखं दिसलं तर लगेच धावायचं. चाळिशीही येणारच. चाळिशी पार केल्यावर वाचायला चष्मा लागला, म्हणून 'लेसर वाया गेलं' असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात!

शेवटी फाइल. लेसरनंतर कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्यातला दाब मोजला तर कमी भरतो, आणि काचबिंदू लक्षात यायला उशीर होऊ शकतो. म्हातारपणी मोतीबिंदूची भिंग ठरवतानाही नेहमीचं गणित चुकतं, तेव्हा डॉक्टर आधीचा नंबर आणि कॉर्नियाची मापं मागतात. तोपर्यंत दवाखाना दुसरीकडे गेलेला असेल, फोन चार वेळा बदललेला असेल. म्हणून आधीची आणि नंतरची सगळी मापं, जाडीचे आकडे आणि नकाशे छापील घ्यायचे, फोटो काढून ठेवायचे, आणि एक प्रत आईच्या कपाटात, जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवायची.