पाळण्यातलं नाव

मराठीतला पहिला दिवाळी अंक काढणाऱ्या संपादकाचं आडनाव मराठी नव्हतं. १८९५ साली ‘मासिक मनोरंजन’ सुरू करणारे आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढून ही परंपरा घालून देणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली भाषेवर त्यांचा जीव जडला, तसं आडनावही त्यांनी बंगालीच घेतलं. पुढे आपण केशवसुत स्वीकारले, गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज स्वीकारले, माणिक गोडघाटे यांनी ‘ग्रेस’ असं नाव घेतलं तेही स्वीकारलं. मोठ्या माणसाने स्वतःसाठी निवडलेल्या नावाला मराठी वाचकाने कायम मान दिला आहे.

तान्ह्या बाळाच्या वेळी मात्र हा मोठेपणा आपल्याला सोडून जातो. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, की बारशाच्या खोलीतच कुजबुज सुरू होते. रेयांश म्हणजे काय? कियान हे मुलाचं की मुलीचं? मायरा, शनाया, अवीर ही कुठली नावं? चांगला अनंत, सुमती, माधव सोडून हे काय? आणि मग पेढ्याच्या डब्यावर छापलेलं इंग्रजी स्पेलिंग वाचलं, त्यात दोन ‘ए’ च्या जागी तीन आणि शेवटी एक जादा ‘एच’ दिसला, की उरलीसुरली भीडही जाते.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आम्ही नावांना दिला आहे, तो या कुजबुजीला साथ देण्यासाठी नाही. नव्या आईबापांची बाजू मला पुष्कळ अंशी खरी वाटते. माझं त्यांच्याशी एकच भांडण आहे, आणि ते नावाशी नसून स्पेलिंगशी आहे. पण आधी त्यांच्या बाजूचं.

विचित्र नावं ही आजची गोष्ट नाही. आपल्या पणजोबांच्या पिढीची नावं आठवून पाहा : धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकाजी, उकिरडा. घरात एकामागून एक मुलं दगावली की पुढच्या बाळाला मुद्दाम असं नाव देत. केराला, दगडाला कोण नजर लावणार, मृत्यूही त्याच्याकडे वळून बघणार नाही, अशी ती समजूत. कुणी बाळाला सुपात घालून कोंड्याच्या मोबदल्यात शेजारणीला ‘विकत’ आणि परत घेत. मग तो कोंडाजी किंवा कोंडिबा. कुणी मुलाचं नाक टोचत, मग तो नथू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या पाच बाळांमागे एक तरी पहिला वाढदिवस बघत नसे. महाराष्ट्रात २०२० साली हे प्रमाण हजारी सोळावर आलं होतं. धोंडू हे नाव कुरूप म्हणून मागे पडलं असं आपण समजतो, पण त्याच्यामागची भीती ओसरली हे त्याचं खरं कारण आहे. लस आली, दवाखाना आला, सुईणीच्या जागी नर्स आली, आणि पाळण्यात सुंदर नाव घालायची हिंमत आईला आली.

या नावांनी माणसं अडली असंही झालं नाही. १६७३ साली पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद होता. पुण्याच्या सगळ्यांत लाडक्या गणपतीला दगडूशेठ हलवायांचं नाव आहे. धोंडो केशव कर्वे शंभर वर्षांचे झाले त्या वर्षी, १९५८ साली, ‘भारतरत्न’ ठरले. ज्या घरात हे नाव ठेवलं गेलं त्या घराला आपलं मूल हवं होतं, फार हवं होतं. नावाच्या कुरूपपणात माया भरलेली होती.

पण सगळीच कुरूप नावं मायेने आलेली नाहीत, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक, आणि शूद्राचं नाव किळस वाटेल असं. नाव हा कधीच निव्वळ घरगुती मामला नव्हता. कुणी किती सुंदर नाव ठेवावं हे सुद्धा ठरवून दिलेलं होतं. गावगाड्यात खालच्या मानलेल्या घरातल्या पोराचं नाव वरच्या आळीतल्या नावासारखं चांगलं असलं, तरी ते बोलताना मोडून-तोडूनच घेतलं जाई. हीच मनुस्मृती महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळली गेली.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच आहेत. दोन नावांच्या मध्ये एका माणसाचं आणि एका समाजाचं अख्खं आयुष्य आहे, हे मराठीत इतक्या उघडपणे त्याआधी कुणी मांडलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपूरला अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर त्या अनुयायांच्या घरांतल्या पाळण्यांकडे बघा. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, संघमित्रा, यशोधरा, प्रज्ञा. ही नावं त्या घरांमध्ये त्याआधीच्या कुठल्याही पिढीत नव्हती. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ सालीच उभं राहिलं होतं, औरंगाबादचं महाविद्यालय मिलिंदाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं, आणि ज्या नावांच्या संस्थांमध्ये आपली पोरं शिकावीत असं आईबापांना वाटत होतं तीच नावं त्यांनी पोरांना दिली. त्यांच्याही वेळी ही नावं विचित्र ठरली असणार. आज राहुल आणि मिलिंद कुठल्याही घरात असतात, आणि ती नावं मराठी पाळण्यांत कुणी रुळवली याची आठवणही कुणाला नसते.

म्हणून ‘अवीर’ किंवा ‘कियान’ ऐकल्यावर नाक मुरडणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की या नावावरून मुलाची जात सांगता येत नाही, गाव सांगता येत नाही, आणि हे थोडं नाही. धोंडिबा, गंगूबाई, श्रीनिवास म्हटलं की ऐकणारा मनात लगेच चौकट आखायचा. पालघरच्या पाड्यावर सोमवारी जन्मलेला सोम्या आणि मंगळवारी जन्मलेला मंगळ्या, हे नाव सांगताक्षणी पाड्यावरचे म्हणून ओळखले जायचे. आडनाव अजून सगळं सांगतंच, पण निदान हाक मारायच्या नावाने तरी सांगणं सोडलं आहे.

आणि नकुशा? २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. नकुशा किंवा नकोशी, म्हणजे नको असलेली, हे त्यांचं शाळेच्या पटावरचं नाव होतं. तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला हे नाव द्यायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज. त्या दिवशी मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र हातात घेतलं. काहीजणींनी सिनेमातल्या नट्यांची नावं घेतली. त्यावरही हसणारे निघाले असतील. ज्या मुलीला आयुष्यभर ‘नको’ अशी हाक आली, तिने आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यांत झगमगतं नाव घेतलं, यात हसण्यासारखं काय आहे? त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. या पार्श्वभूमीवर जो बाप मुलीच्या नावासाठी महिनाभर वह्या भरतो, ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारतो, शेवटी कुणीच न ऐकलेलं नाव शोधून आणतो, तो मला या राज्यातला शुभशकुन वाटतो.

आता भांडण.

नवी नावं इतकी नवी का होतात याला एक साधं कारण आहे. जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार, असे १०८ चरण आहेत आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर आहे. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्या चरणाला ‘ञ’. या अक्षरांनी सुरू होणारं नाव मराठीत सापडायचं कुठे? जुनी माणसं याने अडत नसत. जन्मनाव पत्रिकेत राही, व्यवहारातलं नाव आजोबांचं. आजोबांचं नाव घेऊन हाक मारणं सुनेला अवघड, म्हणून तोच पोरगा घरात बापू, आबा किंवा तात्या होई. पेशव्यांच्या घराण्यात बाळाजी आणि बाजीराव आलटून पालटून येत राहिले ते याच रिवाजाने. आता आईबापांना हाकेचंच नाव नक्षत्राच्या अक्षरावरून हवं असतं, शिवाय ते नात्यात, सोसायटीत, वर्गात दुसऱ्या कुणाचं नको असतं. अशा वेळी नाव घडवावंच लागतं. घडवा. भाषा अशीच वाढते. फक्त त्याचा अर्थ इंटरनेटवरच्या यादीतून घेऊ नका. ‘आरव’ म्हणजे शांत असं तिथे सर्रास सापडतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. पोटभर रडणाऱ्या बाळाला ते नाव शोभतंच, पण आईबापांना ते माहीत असलेलं बरं.

खरी अडचण नाव ठरल्यावर सुरू होते. ते अंकशास्त्र सांगणाऱ्याकडे जातं. तिथे इंग्रजी अक्षरांना एक ते आठ असे आकडे दिलेले असतात, त्यांची बेरीज करतात, आणि बेरीज ‘चांगली’ येईना म्हणून एक ‘ए’ वाढवतात, ‘आय’ दुप्पट करतात, मध्येच ‘एच’ घुसवतात. लक्षात घ्या, मोजलं जातं ते इंग्रजी स्पेलिंग. आत्याने कानात सांगितलेलं, आजी हाक मारणार ते, देवनागरीतलं नाव या हिशेबात कुठेच नाही. मुलाचं भाग्य त्याच्या मातृभाषेत लिहिलेलं नसून परक्या लिपीतल्या एका जादा अक्षरात आहे, असं आपण त्याच्या जन्माच्या पहिल्याच महिन्यात मान्य करून टाकतो. मला याचं दुःख होतं.

धोंडू नावामागेही भीतीच होती, असं कुणी म्हणेल. होती. पण ती डोळ्यांसमोर लेकरं जाताना पाहिलेल्या आईची भीती होती. आजची भीती बाळ मागे पडेल याची आहे, आणि ती भीती विकणारा माणूस त्या बदल्यात पैसे घेतो.

त्याचा त्रास मुलाला होतो, आणि तो आता पूर्वीपेक्षा जास्त होणार आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्माचा दाखला हाच आधार आहे. तिथे पडलेलं स्पेलिंग सगळीकडे जातं. शाळेतल्या बाईंनी सवयीने एक ‘ए’ कमी लिहिला, की दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव दाखल्याशी जुळत नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, खिडकीवरच्या चकरा. आणि आयुष्यभर प्रत्येक नव्या माणसाला नाव एकेक अक्षर करून सांगायचं.

अवघड स्पेलिंग मुळातच वाईट, असं मला म्हणायचं नाही. ज्ञानेश्वर, ज्ञानदा, प्रज्ञा ही नावं मराठी माणूस इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ अशी लिहितो. दिल्लीत, बंगळुरूमध्ये ती कुणाला धड वाचता येत नाहीत. पण ते स्पेलिंग आपल्या तोंडच्या उच्चाराला इमानी आहे, आणि तेवढ्यासाठी चार वेळा समजावून सांगणं सार्थकी लागतं. हल्ली ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ज्ञ’ असलेली नावं पाळण्यातून हळूहळू नाहीशी होत आहेत, कारण परदेशात ती म्हणता येणार नाहीत. न्यू जर्सीतल्या मराठी आईने असा विचार केला तर मी समजू शकतो. तिच्या लेकीला रोज त्या वर्गात बसायचं आहे. पण जे मूल कदाचित कधीच तिकडे जाणार नाही, त्याचंही नाव जिल्ह्याच्या गावी आपण आतापासूनच त्या तोंडांसाठी गुळगुळीत करत आहोत.

एकमेव नावाचा हट्ट जरा सैल करता येईल, असंही मला वाटतं. मराठी नावाची रीतच अशी आहे की पूर्ण नाव सांगितलं तर ते बहुधा एकाच माणसाचं असतं. गावात चार पांडुरंग असले तरी पांडुरंग सखाराम वेगळा, पांडुरंग गणपत वेगळा. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्राने ठरवला आहे. आईचं नाव मध्ये आलं की मुलाच्या नावातला एकमेवपणा आपोआप वाढतो. स्पेलिंग पिरगाळायची गरज उरत नाही. हा निर्णय फार उशिरा झाला, पण झाला याचा मला मनापासून आनंद आहे.

ज्यांच्या घरी या दिवाळीत पाळणा हलतो आहे त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण त्या नोंदीत नाव लगेच घालावंच लागतं असं नाही. नावाशिवाय नोंद होते, आणि पुढच्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. तेवढे दिवस हवं ते नाव घरात वापरून बघा. जिन्यातून हाक मारून बघा, रागावून म्हणून बघा, आजीला म्हणायला लावा, देवनागरीत लिहून बघा. मग जसं बोलता तसंच ते इंग्रजीत लिहा आणि दाखल्यावर घाला.

विशेष विभागात या विषयाच्या इतर बाजू आहेत : लग्नानंतर तांदळाच्या ताटात लिहिलं जाणारं सुनेचं नवं नाव, गोव्याच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नावं, तृतीयपंथी व्यक्तींनी स्वतःला दिलेली नावं. अनुक्रमणिकेत प्रत्येक लेखकाचं नाव त्याने किंवा तिने कळवलं तसंच छापलं आहे; काहींनी पहिल्यांदाच आईचं नाव मध्ये घातलं आहे.