‘व्याख्या’ नावाचे पहिले कलम

साहित्याच्या वर्गात आपण ‘लेखकाचा मृत्यू’ शिकवतो. रोलाँ बार्थचा १९६७ सालचा तो निबंध आता इतका अंगवळणी पडला आहे, की पदव्युत्तर वर्गातला सामान्य विद्यार्थीही चार ओळींत लेखकाला पुरून मोकळा होतो. आपल्या उपनगरी महाविद्यालयांपासून लोकलने फारतर तासाभराच्या अंतरावर, अंधेरीतल्या निर्मितीसंस्थांच्या कार्यालयांत हाच मृत्यू रोज घडत असतो. तिथे त्याला सिद्धान्त म्हणत नाहीत, करार म्हणतात. आणि तो शेवटच्या पानावरच्या सहीने घडत नाही. पहिल्या पानावरच्या ‘व्याख्या’ या कलमाने घडतो. सही हा केवळ अंत्यविधी.

काही दिवसांपूर्वी एक जुनी विद्यार्थिनी मालिकेच्या संवादलेखनाचा करार घेऊन माझ्याकडे मुलुंडला आली होती. मालिका मराठी, लेखिका मराठी, निर्माताही मराठी. करार मात्र चौदा पानी इंग्रजी. ‘सर, मानधनाचा आकडा ठीक आहे ना, एवढंच बघा,’ ती म्हणाली. मी आकड्याआधी व्याख्या वाचली. ‘बौद्धिक संपदा’ म्हणजे सर्व कल्पना, संकल्पना, पात्रे, पात्रांची नावे, वनलाइन, टिपणे, मसुदे, नाकारलेले मसुदेसुद्धा, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, अखिल विश्वात, अनंत काळापर्यंत. ब्रह्माची व्याख्या करताना आपल्या पूर्वजांनी ‘नेति नेति’ म्हटले होते. कराराचा मसुदा लिहिणाऱ्याने ‘हेही आणि तेही’ म्हटले होते.

ज्या मजकुरात एकही गोष्ट वगळलेली नाही, त्याला व्याख्या कसे म्हणायचे? व्याख्या म्हणजे सीमा आखणे, हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो. इथे सीमा पुसण्यालाच व्याख्या म्हटले आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कल्पनेवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. तो असतो तिच्या अभिव्यक्तीवर. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे कायद्याने जे लेखिकेच्या मालकीचेच नाही, ते करार तिच्याकडून लिहून घेतो! दुसरीकडे, एखादी संकल्पना पुरेशी विकसित करून विश्वासाने दुसऱ्यासमोर मांडली असेल, तर तो विश्वासभंग रोखता येतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्स यांच्यातील खटल्यात मान्य केले. तो वाद ‘कन्हैया’ या मालिकेच्या संकल्पनेवरून झाला होता. कल्पना कुठे संपते आणि कृती कुठे सुरू होते, हा प्रश्न तिथे न्यायमूर्तींना सोडवावा लागला. तो प्रश्न आपला नव्हता काय?

याच करारांत आढळणारा दुसरा शब्दप्रयोग ‘वर्क फॉर हायर’. हे अमेरिकी कायद्याचे अपत्य. आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यात तो शब्दप्रयोगच नाही. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे: लेखक नोकर आहे की स्वतंत्रपणे काम करून देणारा? नोकरीच्या ओघात लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, अन्यथा ठरले नसेल तर, नोकरी देणारा. पण आमच्या लेखिकेला ना पगार, ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा. मोबदला द्यायच्या वेळी ती स्वतंत्र व्यावसायिक. मालकी ठरवायच्या वेळी नोकर. एकाच कागदावर एकाच व्यक्तीच्या या दोन व्याख्या सुखाने नांदतात.

गंमत अशी, की करार जिथे गप्प बसतो तिथे कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो. हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, अन्यथा लिहिले नसल्यास, तो संपुष्टात येतो. हे सारे कलम १९ मध्ये आहे. म्हणूनच ‘अनंत काळ’ आणि ‘अखिल विश्व’ लिहिले जाते. ती अलंकारिक भाषा नव्हे. लेखकाला संरक्षण देणारे मौन बुजवण्यासाठी ओतलेले ते काँक्रीट आहे.

२०१२च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते वा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट निर्देश नसेल तर हस्तांतरण त्याला लागू होत नाही. मग ‘पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमे’ हा स्पष्ट निर्देश, की स्पष्टपणाचे सोंग? आज त्या ‘पुढे’मध्ये संवाद लिहिणाऱ्या यंत्राला शिकवण्यासाठी लागणारा कच्चा मालही कोंबता येईल. हा कायद्याइतकाच अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे, आणि अर्थनिर्णय हा आपला पोटापाण्याचा धंदा आहे.

निर्मात्याची बाजू नाही असे नाही. पैसा त्याचा, जोखीम त्याची; उद्या कोणी हक्क सांगत उभे राहिले तर वाहिनी त्यालाच जाब विचारणार. त्याला निर्वेध मालकी हवी, हे रास्त आहे. पण निर्वेध मालकीसाठी नेमकी व्याख्या लागते, अमर्याद नव्हे. अमुक मालिकेच्या अमुक एपिसोडांचे स्वीकारलेले संवाद, अमुक माध्यमांसाठी, अमुक वर्षांसाठी, असे लिहिल्याने निर्मात्याचे काय बुडते? नाकारलेला मसुदा त्याला नको आहे. तो दुसऱ्या कोणाला मिळू नये, एवढेच हवे आहे.

माझे भांडण मात्र निर्मात्याशी कमी आणि आपल्याशी जास्त आहे. १९८६ साली मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’वरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की हस्तांतरणाचा करार कलम ५७ला अधीन राहूनच वाचावा लागतो, कृतीच्या विपर्यासाविरुद्धचा लेखकाचा हक्क करारातील शर्तींनी पुसला जात नाही. कृतीच्या अखंडतेवरचे इतके मोलाचे विवेचन आपल्या किती अभ्यासक्रमांत आहे? ‘आपका बंटी’ शिकवली जाते. तिचा खटला शिकवला जात नाही. संहिता, लेखकत्व, आंतरसंहितात्मकता यांवर आपण चर्चासत्रे भरवतो आणि ज्या दस्तऐवजात हे शब्द खरोखर कोणाचे तरी घर चालवतात किंवा बुडवतात, तो ‘वकिलांचा विषय’ म्हणून बाजूला सारतो. आपले विद्यार्थी पदवी घेऊन अंधेरीला जातात. कवितेतला श्लेष त्यांना कळतो, कलमातला कळत नाही.

त्या विद्यार्थिनीने अखेर काय केले? तिने ‘कल्पना’ आणि ‘नाकारलेले मसुदे’ हे शब्द पेन्सिलीने खोडून करार परत पाठवला. उत्तर अजून आलेले नाही. कदाचित काम जाईल. आम्ही तिला दोन वर्षे साहित्यसिद्धान्त शिकवला होता. त्याचा पहिला उपयोग तिने त्या पेन्सिलीने केला, आणि तोही आम्ही न शिकवता.