दोन मंडळ्यांची सभासद

गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या ख्रिस्ती माणसाकडे चर्च एक कागद मागतं : गावच्या पाळकाचं बदलीपत्र. ते दिलं की तिकडच्या यादीतलं नाव कमी होतं, इकडच्या यादीत चढतं. हिशेब चोख. पण ज्याची भक्ती दोन ठिकाणी रुजली आहे त्याच्यासाठी रजिस्टरात रकाना नाही. तो असावा, असं माझं म्हणणं आहे.

मी राहुरी तालुक्यातली. नोकरी पुण्यात केली, परिचारिकेची. आता निवृत्त आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, आणि आमची उपासना त्यांच्या वळणाची. वेदीचा थाट नाही, गुडघे टेकणं नाही. तबला-पेटी-झांज मात्र हवीच. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे ते राहुरीलाही राहिले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आमच्या म्हाताऱ्यांना त्यांची भजनं तोंडपाठ होती. पेटीवाला चुकला तर सतरंजीवरची एखादी आजी गाणं थांबवून नुसती त्याच्याकडे बघायची. हंगामाच्या सणाला बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी असं सगळं देवापुढं यायचं आणि उपासना संपली की लिलाव. स्वतःच वाहिलेली कोंबडी चढ्या बोलीनं परत घरी नेणारे भाविकही मी पाहिलेत.

पुण्यात मला गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय मिळालं. १८८५चं, अँग्लिकन परंपरेतलं. या पंचहौद मिशनच्या आवारात १८९० साली घेतलेल्या चहानं लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यामागं प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि आमच्या गावचं चर्च व हे देवालय एकाच छत्राखाली आली. माझ्या गुडघ्यांना ते पटायला बराच काळ गेला.

छापील प्रार्थना सुरुवातीला मला कोरड्या वाटायच्या. पण रात्रपाळीत पेशंट दगावलेला असायचा, सकाळी थेट देवळात यायचं, आणि स्वतःचा एक शब्द सुचायचा नाही. तेव्हा पुस्तकातले शब्द उपयोगी पडले. गावात अशा वेळी कुणीतरी म्हटलं असतं, "ताई, साक्ष द्या." इथं कुणी काही विचारलं नाही. रडले, घरी गेले, झोपले.

गावचं चर्च म्हटलं की लोक हळवे होतात. मला ते जमत नाही. आमच्याकडे चर्च कुठल्या वस्तीत आहे हे सांगितलं की जात कळते. बाप्तिस्म्यानं पाणवठ्यावरची जागा बदलली नाही, आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलतीही नाहीत. "मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न पुण्यातही येतो, आणि त्यात नेमकं काय विचारलंय ते विचारणारीला आणि मला, दोघींनाही कळतं. पण तो चहाच्या वेळी येतो, वेदीपाशी येत नाही. हा फरक मी लहान मानत नाही. उलट आई अंथरुणाला खिळली तेव्हा रोज कुणी ना कुणी भाकरी आणून देत होतं ते गावच्याच मंडळीतलं. पुण्यात माझ्या बाकावरच्या बाईला मी आजारी पडल्याचं महिन्यानं कळलं असतं. मला ओळखणारे लोक लागतात, आणि न ओळखणारेही.

आज गावाकडे एकेका पाळकाकडे अनेक गावं असतात. बऱ्याच रविवारी वडीलधारी माणसंच उपासना चालवतात. तरुण पोरं कंपन्यांच्या मागं शहरात. आम्ही नाताळला जातो, फोटो काढतो, भिंतींना रंग द्यायला सांगतो आणि परततो. म्हणून सुचवते : मंडळीच्या निवडणुकीतलं मत एकाच ठिकाणी ठेवा, कारण दुरून येऊन गावच्या कमिटीत लुडबुड नको. वर्गणी मात्र दोन्हीकडे घ्या. मधूनमधून एखादा रविवार आमच्याकडून काम करून घ्या, शब्बाथ शाळा असो की पेटीची शिकवणी. आणि आम्ही आलो की पुढे मांडता त्या पाहुण्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढून टाका. सतरंजीवर बसायला आम्हाला येतं. सांधे धरले तर मलमाची ट्यूब माझ्या पिशवीत असतेच.