मराठीची मोजदाद

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून तिच्या प्राचीनतेचे पोवाडे गाण्यात आपण सारे गुंतलो आहोत. नाणेघाटातील शिलालेखाचा आणि गाथासप्तशतीचा अभिमान वाटावा हे योग्यच. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत काय बोलले जात होते याचे पुरावे आपण ज्या हिरिरीने गोळा केले, तिच्या दशांशाने तरी आज काय बोलले जाते याची नोंद होते आहे काय? मराठी शिकू पाहणाऱ्या मुलाने पहिले हजार शब्द कोणते शिकावेत, हा साधा प्रश्न चार पंडितांना विचारून पाहावा. चार निरनिराळ्या याद्या हाती येतील, कारण त्या मोजणीवर नव्हे, तर ज्याच्या त्याच्या कानावर विसंबलेल्या असतील.

इंग्रजांनी हा प्रश्न कानावर सोडलेला नाही. छापलेल्या व बोललेल्या भाषेचे नमुने ठरावीक प्रमाणात, स्थळकाळाच्या नोंदीसह एकत्र करावयाचे, आणि त्या साठ्यात कोणता शब्द किती वेळा व कोणत्या शब्दाच्या शेजारी येतो हे यंत्राकडून काढून घ्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. या साठ्याला भाषाशास्त्रात कॉर्पस म्हणतात; आपण त्यास भाषासंचय म्हणू. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी अशा संचयावरून रचलेला इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश १९८७ साली बाहेर पडला. १९९४ मध्ये पुऱ्या झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय संचयात दहा कोटी शब्द असून त्यांतले एक कोटी लोकांच्या तोंडून टिपलेले आहेत.

आपल्याकडे हे झालेच नाही असे मात्र नव्हे, आणि मौज आहे ती येथेच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी दहा लक्ष शब्दांचा संचय सिद्ध केला. प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे, सारे १९७८ साली छापलेले. जगातील भाषाभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखतात. पण हा संचय कोणत्या भाषेचा? भारतीयांच्या इंग्रजीचा! शास्त्रींच्या परिश्रमांना यात कोणताच उणेपणा नाही. इंग्रजीच्या प्राध्यापकाने इंग्रजीची चिंता वाहिली. त्याच आवारात मराठीच्या चिंतेने तेच काम कोणास का सुचू नये, हा प्रश्न मात्र राहतोच.

चिकाटी आपल्यात नाही असेही म्हणवत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशासाठी १९४८ पासून सुमारे दीड हजार ग्रंथ पिंजून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या हातांनी लिहिल्या गेल्या. तोही भाषासंचयच होय, फक्त कागदाचा. पुढे १९९१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय भाषांचे प्रत्येकी तीस लक्ष शब्द संगणकावर आणण्याची योजना आखली, तीत मराठीचा भाग याच कॉलेजकडे आला. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने त्याहून मोठा साठा केला. अलीकडे राज्य मराठी विकास संस्था व डेक्कन कॉलेज यांनी गावोगाव जाऊन बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित केले, हे तर विशेष अभिनंदनीय. परंतु संचय आहेत ते मुख्यतः छापील मजकुराचे. बोलींचे नमुने आहेत ते बोलींतील भेद पाहण्यासाठी. आणि पाठ्यपुस्तक रचणाऱ्याची वा वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाची गाठ यांपैकी कशाशीही पडलेली दिसत नाही.

छापील मजकुरात काय निसटते हे पाहावयाचे असेल, तर वाचकांनी आग्रा रस्त्याने आपल्या शहराबाहेर पडून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत सकाळच्या लिलावाला उभे राहावे. तेथे कांद्याची ‘गोल्टी’ वेगळी, ‘खाद’ वेगळी, आणि ‘वक्कल’ कोणाचे यावरून भाव फुटतो. भोवतालच्या बागांत शिरावे, तर एप्रिलची ‘खरड छाटणी’ व ऑक्टोबरची ‘गोडी छाटणी’ यांत वर्ष विभागलेले. वेलीला ‘ओलांडा’ असतो. आणि ‘घड जिरला’ या दोन शब्दांत एका कुटुंबाच्या वर्षभराच्या मिळकतीचा निकाल लागतो. पाणी जिरते, गर्व जिरतो, हे आमच्या शाळांत शिकवले जाते. घड जिरतो हे नाही. पुस्तकातला ‘केवडा’ रोग बागेत ‘डावणी’ होतो, आणि तो इंग्रजी शब्द आहे याची आठवणही आता तेथे कोणी ठेवत नाही. ही रांगडी, अडाणी भाषा नव्हे. इतकी नेमकी परिभाषा आमच्या सचिवालयीन परिपत्रकांतही क्वचित आढळेल.

प्रश्न केवळ कौतुकाचा असता, तर त्यासाठी पहिल्या पानाची जागा आम्ही अडवली नसती. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. शिवाय छाटणीच्या हंगामात सुरगाणा-पेठ भागातून मजुरांची कुटुंबे निफाड तालुक्यात उतरतात. त्यांच्या मुलांच्या घरात कोकणा बोलली जाते. या मुलांपुढे आपण काय ठेवतो? अ अननसाचा आणि ऐ ऐरणीचा. अक्षराच्या सोयीसाठी शब्द निवडला जातो, शब्दाच्या गरजेनुसार नव्हे. (पिंपळगावच्या मुलाने ज्याच्या सावलीत बालपण घालवले, त्या द्राक्षाच्या आरंभीच जोडाक्षर यावे हा दैवदुर्विलास, परंतु त्यावर इलाज आहे.)

‘लागणे’ हे एकच क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, पत्ता लागतो, नंबर लागतो. मूल रडू लागते, आणि त्याला उगी करण्यास आईला काम सोडून जावे लागते. मराठी कुटुंबातील मूल हे सारे आईच्या दुधाबरोबर घेते. परभाषी मुलाला यांतले कोणते आधी शिकवावे? कोशातील क्रम येथे निरुपयोगी आहे. भाषासंचयातून ‘लागणे’ असलेली हजार वाक्ये एकाखाली एक मांडली, तर कोणता अर्थ शंभरदा येतो व कोणता दोनदा, हे शिक्षकाला दिसेल, आणि धडा त्या क्रमाने बांधता येईल. आठवीच्या मुलांना महिन्याभरातील वर्तमानपत्रे देऊन ‘भाव’ हा शब्द शोधावयास सांगावा. भाव पडतो, चढतो, कोसळतो, फुटतो. माणूसही भाव खातो. आणि कवितेच्या तासाला येतो तो भाव निराळाच. व्याकरणाचा एवढा जिवंत तास दुसरा आम्हांस ठाऊक नाही, आणि त्यास संगणकही लागत नाही.

कोणी म्हणेल, अशा मोजणीने भाषा बहुमतावर सोपवली जाईल, जे चुकीचे रूढ आहे तेच शुद्ध ठरेल. हे भय अनाठायी आहे. मोजणी निकाल देत नाही. ती साक्ष देते. १९६२ साली शासनाने पदनाम कोश काढला तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली, तरी त्यातले अनेक शब्द आज सहज लिहिले-बोलले जातात आणि काही कागदावरच वाळून गेले. कोणते रुजले व का रुजले, हे मोजून पाहिले असते, तर पुढच्या परिभाषाकोशांना किती उपयोग झाला असता! खरी अडचण तांत्रिक आहे. मराठीत कांदा, कांद्याला, कांद्यांपेक्षा हा एकच शब्द आहे हे यंत्राला शिकवावे लागते. जुने ‘केलें’, आजचे ‘केले’ आणि बोलण्यातले ‘केलं’ हेही एकत्र मोजावे लागतात. त्यासाठी व्याकरण जाणणारी माणसे हवीत, आणि ती आपल्याकडे आहेत.

तेव्हा राज्य शासनाने मराठीचा एक खुला, दरवर्षी वाढणारा भाषासंचय उभारावा, आणि त्यात बोललेल्या भाषेचा वाटा आरंभीच ठरवून द्यावा. वर्तमानपत्रांनी, आमच्यासकट, आपले जुने अंक त्यासाठी खुले करावेत. पण आमच्या भाषेने तो भरून टाकू नये. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंतचा एक हंगाम घ्यावा. बाजार समितीत, बागेत, वस्तीशाळेत बोलणाऱ्याची संमती घेऊन ध्वनिमुद्रण करावे. नाव वगळावे, गाव, वय, व्यवसाय, घरची भाषा आणि तारीख मात्र प्रत्येक नमुन्यावर लिहावी.